बुडणाऱ्या जहाजांचे अर्थशास्त्र

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचे निशाण लावलेले मालवाहू जहाज कोचीनजीक अरबी समुद्रात बुडाले. चोवीसही खलाशी वाचले; परंतु सहाशे चाळीस कंटेनर, त्यांतील काहींमधली घातक रसायने आणि टाक्यांतील इंधन यांचा धसका केरळच्या मच्छीमारांनी घेतला आणि पुढे कित्येक दिवस किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे बारीक मणी येऊन पडत राहिले. योगायोग असा, की सागरी जीवितरक्षणाचा आज लागू असलेला आंतरराष्ट्रीय करार १९८० साली याच तारखेला अमलात आला होता. करार असूनही जहाजे बुडतात, याचे खापर समुद्रावर फोडणे सोपे आहे. वस्तुतः हा प्रश्न समुद्राचा जितका आहे, तितकाच हिशेबाच्या वहीचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये जुनाट जहाजावर बेसुमार माल लादून आणि भरपूर विमा उतरवून ते समुद्रात सोडणे हा काही मालकांना किफायतशीर व्यवहार वाटे. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा. खलाशाच्या जिवाचा आकडा या जमाखर्चात कोठेच येत नसे. करारावर सही केल्यावर अशा जहाजावर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगाची हवा खावी लागे. सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने १८७५ मध्ये पार्लमेंटमध्ये या प्रकारावर आगपाखड केली आणि पुढच्याच वर्षी जहाजाच्या कुशीवर भाररेषा आखण्याची सक्ती झाली. गंमत अशी, की ही रेषा कोठे आखावयाची, हे कायद्याने मालकावरच सोपविले! एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगविल्याची कथा सांगतात. रेषेची जागा कायद्याने निश्चित व्हावयास १८९० साल उजाडले. तोवर ब्रिटिश मालकांची निराळीच तक्रार सुरू झाली होती. आम्ही माल कमी भरावयाचा आणि परदेशी जहाजांनी मात्र हवा तेवढा भरून आमचे भाडे पळवावयाचे काय? तक्रार स्वार्थी होती, परंतु खोटी नव्हती. म्हणून १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही भाररेषेचे बंधन घालण्यात आले आणि १९३० मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सुरक्षिततेचा खर्च एकट्या मालकाने सोसला तर तो स्पर्धेत मार खातो. सर्वांवर तो सारखाच पडला तर कोणाचेच बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांच्या मुळाशी करुणेइतकेच हे व्यापारी शहाणपण आहे.

‘टायटॅनिक’ची कहाणी सर्वपरिचित असली, तरी तिच्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या जहाजाने नियमभंग केला नव्हता. तत्कालीन ब्रिटिश नियमांची मोजपट्टी दहा हजार टनांवर थांबत होती. त्यापुढील कितीही मोठ्या जहाजाला सोळा होड्या पुरेशा मानल्या जात. छेचाळीस हजार टनांच्या ‘टायटॅनिक’वर वीस होत्या, म्हणजे कायद्याहून चार अधिक. त्यांत जागा ११७८ जणांची, आणि जहाजावर माणसे सुमारे बावीसशे. १९१२ च्या त्या रात्री सुमारे दीड हजार जीव गेले, तेव्हा कुठे १९१४ मध्ये लंडनला पहिला करार झाला. तोही महायुद्धामुळे अमलात आलाच नाही.

पुढे १९२९, १९४८, १९६० अशी त्याची नवी रूपे आली. १९६० च्या करारात दुरुस्ती करावयाची तर दोन-तृतीयांश सरकारांची स्पष्ट संमती लागे, आणि सरकारे उत्तरच देत नसत. १९७४ च्या कराराने हा न्याय उलटा केला. ठरलेल्या मुदतीत पुरेशा राष्ट्रांनी हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती संमत. फायलीवर शेरा न मारण्याच्या सरकारी सवयीचा असा सदुपयोग क्वचितच झाला असेल.

तरीही एक पळवाट उरली. नियमपालनाची पहिली जबाबदारी जहाजावर ज्या देशाचे निशाण असेल त्या देशाची. आणि निशाण निवडतो मालक. लायबेरिया, पनामा, मार्शल बेटे येथील नोंदवह्या आज जगात सर्वांत मोठ्या आहेत, त्या तेथील मालकांच्या बळावर नव्हेत. १९७८ मध्ये लायबेरियाच्याच निशाणाखालील ‘अमोको काडिझ’ या जहाजातील दोन लाख टनांहून अधिक तेल फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सांडल्यावर युरोपीय राष्ट्रे जागी झाली. निशाण कोणतेही असो, बंदरात आलेले जहाज तपासावयाचे आणि सदोष आढळल्यास अडकवून ठेवावयाचे, असा समझोता त्यांनी १९८२ मध्ये पॅरिसला केला. हिंदी महासागरातील देशांच्या अशाच समझोत्याचे सचिवालय गोव्यात आहे. अडकलेल्या जहाजाचा प्रत्येक दिवस मालकाला खर्चात पाडतो. मालकाला समजणारी भाषा हीच.

या साऱ्या व्यवस्थेला मात्र एक कुंपण आहे. जीवितरक्षणाचा करार आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होतो. देशांतर्गत फेऱ्या ज्या-त्या सरकारच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत. १९८७ मध्ये फिलिपाइन्समधील ‘दोन्या पाझ’ ही प्रवासी बोट तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन जळाली, तेव्हा चार हजारांहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज आहे. तिची मंजूर क्षमता सुमारे दीड हजार होती. कोकणी माणसाला तर दूर जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक प्रवासी गेले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनारा गाठलेल्यांनी मुंबईला बातमी दिली, तीही कित्येक तासांनी. बिनतारीच्या अखंड पहाऱ्याचा विचार लंडनला होऊन तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती.

नियम कडक केले तर तिकीट महागेल आणि गरिबाची बोट बंद पडेल, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु प्रवाशाला स्वस्तात काय मिळते, हे त्याला ठाऊक असते का? बोटीचा तळ, इंजिन, परवान्यावरील आकडा यांपैकी काहीच धक्क्यावरून दिसत नाही. त्याला दिसते ती रांग, आणि बोट भरल्याशिवाय सुटत नाही एवढे त्याला कळते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जण दगावले. धडक हा ‘नीलकमल’चा दोष नव्हता, मात्र परवाना चौऱ्याऐंशी प्रवाशांचा असताना तीवर शंभराहून अधिक माणसे होती. गेटवेहून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला प्राणरक्षक जाकीट सक्तीचे झाले, ते त्यानंतर.