नळी घातली, पुढे काय?

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी पोटावर मोठा छेद न घेता, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात असं प्रथमच होत होतं. आज दादर-परळच्या बऱ्यापैकी नर्सिंग होममध्ये हे ऑपरेशन रोज चालतं आणि पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो. ‘खडे झाले होते, काढून टाकलं’ एवढ्यावर शेजाऱ्यांचं बोलणं संपतं.

पण याच भागातल्या वॉर्डांत असेही रुग्ण येतात, ज्यांना टेबलावर घ्यायला सर्जन धजत नाहीत. लालबागच्या चाळीतली ऐंशीच्या घरातली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी चालू, जुना मधुमेह, किडनी थकलेली. उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा ॲसिडिटी समजून घरच्यांनी दोन दिवस काढले. मग हुडहुडी भरून ताप आला, बोलण्यातली संगती गेली. सोनोग्राफीत पित्ताशय टम्म फुगलेलं, त्याची भिंत सुजलेली, तोंडाशी खडा अडकलेला. रक्तदाब खाली चाललेला. भूलतज्ज्ञ घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आत्ता पूर्ण भूल झेपणार नाही.’ अशा वेळी जीव वाचवणारा मार्ग म्हणजे पित्ताशयात नळी घालून आतला पू आणि साचलेलं पित्त बाहेर काढणं.

पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. बाहेर जायची वाट खड्याने बंद झाली की आतला दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो, जंतू माजतात. उशीर झाला तर भिंत सडते, फुटते, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून इतर अवयव कोलमडतात. नुसत्या अँटिबायोटिकचा प्रभाव अशा बंद, पू भरलेल्या जागेत पुरेसा पडत नाही. मोरी तुंबून पाणी घरात शिरलं की आधी पाणी उपसतात, पाइपचं काम नंतर पाहतात. इथेही क्रम तोच. आयसीयूत दीर्घकाळ असलेल्या, मोठ्या भाजण्यातून किंवा गंभीर जंतुसंसर्गातून जाणाऱ्या काही रुग्णांना तर खडा नसतानाही हा त्रास होतो.

नळी घालण्याचं काम बहुतेक वेळा सर्जन करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. पेशंट जागाच असतो. कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बरगड्यांमधून सुई आत नेतात, आणि शक्यतो यकृताच्या मांसातून पित्ताशयात शिरतात. हा आडमार्ग मुद्दाम घेतलेला असतो. यकृत नळीला धरून ठेवतं आणि पित्त पोटात सांडण्याचा धोका कमी होतो. सुईतून बारीक तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडलेली ही युक्ती आज शरीरभर वापरली जाते. नळीची जाडी साधारण तीन मिलिमीटर. तिचं आतलं टोक गोल वळतं, म्हणून ती सहज निसटत नाही. तिला ‘पिगटेल’ म्हणतात ते त्यावरूनच. बाहेरचं टोक पिशवीला जोडतात. सगळं नीट जुळलं तर एक-दोन दिवसांत ताप उतरतो, आजी नातवंडांना ओळखू लागतात.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टरांच्या हातची. खरी कसोटी घरी आल्यावर लागते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गिरगावातल्या लाकडी जिन्याच्या चाळीत, जिथे संडास गॅलरीच्या टोकाला असतो, तिथे कमरेला पिशवी लटकलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून पाच-सहा वेळा ये-जा करायची असते. नळी कडीत, साडीच्या निऱ्यांत अडकते. पिशवी कायम पित्ताशयाच्या खालच्या पातळीवर हवी, नाहीतर बाहेर आलेलं आत परततं. नळी कातडीला चिकटपट्टीने पक्की बसलेली हवी. सलाइनने ती धुवायची का, किती, हे डिस्चार्जच्या आधी नर्सकडून प्रत्यक्ष करून पाहून शिकावं. रोज किती पित्त आलं, रंग कसा, हे वहीत लिहावं. पिशवीत अचानक काहीच येईनासं झालं, रक्त दिसलं, पुन्हा ताप-थंडी आली, पोट दुखू लागलं किंवा नळी सरकली, तर सकाळची वाट न बघता टॅक्सी करून रुग्णालय गाठावं. निघालेली नळी घरी परत आत ढकलू नये आणि आपल्या मनाने ती बंदही करू नये.

नळी लवकर काढून टाकण्याचा आग्रहही धरू नये. तिच्याभोवती पक्का मार्ग तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्याआधी ती ओढली तर पित्त पोटात गळतं. काढण्यापूर्वी नळीतून औषध सोडून एक्स-रे घेतात आणि अडलेली वाट मोकळी झाली का, ते पाहतात.

पण खडे? ते तिथेच असतात. पित्ताशय ठेवायचं की काढायचं, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. १८६७ मध्ये अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी पित्ताशय उघडून खडे काढले आणि पित्ताशय जागेवर ठेवलं. १८८२ मध्ये बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी ते अख्खं काढलं. जिथे खडे बनतात ती जागाच जायला हवी, असं त्यांचं म्हणणं. नळीने आपण पुन्हा बॉब्ज यांच्या वाटेवर येतो, म्हणून तिला अंतिम उपचार मानणं चूक आहे.

नेदरलँड्समधल्या ११ रुग्णालयांनी १४२ जोखमीच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन, अर्ध्यांना नळी. वर्षभरात मोठी गुंतागुंत ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, नळीवाल्यांत ६५ टक्के. फरक इतका होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. अतिगंभीर, आयसीयूतले रुग्ण त्यात नव्हते. त्यांच्यासाठी नळी आजही मोलाचीच. पण नुसतं वय पाहून किंवा जुन्या आजारांची यादी पाहून ‘ऑपरेशन जमणार नाही’ म्हणणं योग्य नाही, हे त्यातून दिसतं. नळी घालण्याआधीच घरच्यांनी विचारावं: हृदयाच्या आणि भुलेच्या डॉक्टरांनी तपासलं का? तब्येत सावरली तर ऑपरेशन कधी? डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार डॉक्टरांचं नाव लिहून घ्यावं. बरं वाटलं की ही भेट हमखास राहून जाते, आणि काही महिन्यांनी तोच ताप घेऊन माणूस परत येतो.

जे कधीच ऑपरेशनयोग्य होणार नाहीत, त्यांना आता बाहेरच्या पिशवीशिवायही मार्ग आहेत. रक्त गोठत नसेल किंवा यकृत खराब होऊन पोटात पाणी झालं असेल, तर तोंडावाटे एंडोस्कोपीने पित्तनलिकेतून पित्ताशयात बारीक स्टेंट सरकवता येतो. दुसऱ्या पद्धतीत दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने पाहत जठर किंवा लहान आतडं थेट पित्ताशयाला धातूच्या रुंद स्टेंटने जोडतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या, २०२० मध्ये छापून आलेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातली गुंतागुंत या पद्धतीत सुमारे २६ टक्के, बाहेरच्या नळीत ७७ टक्क्यांच्या वर होती. मात्र स्टेंट महाग आहे, त्यासाठी सरावलेले हात लागतात, आणि एकदा असा जोड केला की पुढे ऑपरेशन अवघड होतं. म्हणून पुढे ऑपरेशन करायचं की नाही, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. तो घेताना शुद्धीवर असलेल्या आजींनाही विचारायला हवं. पिशवी त्यांच्या कमरेला असणार आहे, जिनाही त्यांनाच चढायचा आहे.