गोष्ट चांगली असेल, तरच कलाकृती मनात घर करते!

आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. मोबाइलवर शूट करायचं, तिथेच एडिट करायचं, गाणं जोडायचं आणि काही मिनिटांत जगाला दाखवायचं, हे आता शाळेतल्या मुलांनाही सहज जमतं. पण दिवसभरात पाहिलेल्या व्हिडिओंपैकी रात्री झोपताना तुम्हाला किती आठवतात? याउलट लहानपणी आजीने सांगितलेली चिऊ-काऊची गोष्ट मात्र आजही पाठ असते. पावसात काऊचं घर वाहून गेलं आणि तो भिजत चिऊच्या दारात उभा राहिला. ती दार उघडेल का? बस्स, एवढ्या एका प्रश्नासाठी आपण जेवणाचं ताट संपवायचो. सिनेमा असो, नाटक असो किंवा एक मिनिटाचं रील, प्रेक्षकाला धरून ठेवते ती हीच उत्सुकता.

साधी गोष्ट, मोठं यश

2004 मध्ये प्रदर्शित झालेला ‘श्वास’ हा चित्रपट तुम्हाला आठवत असेल. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला हा संदीप सावंत यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. यात नाचगाणी नाहीत, मारामारी नाही, परदेशातली लोकेशन्सही नाहीत. कोकणातले एक आजोबा आपल्या छोट्या नातवाला, परशाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. त्याच्या डोळ्यांना कॅन्सर झालेला आहे. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार आणि त्यानंतर त्याला कधीच दिसणार नाही. हे त्या लहानग्याला सांगायचं कुणी आणि कसं? ऑपरेशनच्या आधी त्याला जग डोळे भरून पाहता यावं, म्हणून आजोबा त्याला हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात.

एवढंसं ऐकलं तरी घसा दाटून येतो, हो ना? अरुण नलावडे आणि बालकलाकार अश्विन चितळे यांनी सुंदर काम केलंच आहे, पण त्या अभिनयाला आधार मिळाला तो गोष्टीचा. ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे त्याचीच निवड झाली. याआधी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मराठी चित्रपट होता आचार्य अत्रे यांचा 1953 सालचा ‘श्यामची आई’. म्हणजे मध्ये तब्बल 50 वर्षं गेली! तो चित्रपट ज्या पुस्तकावरून बनला, ते साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं होतं. हाताशी होत्या त्या फक्त आईच्या आठवणी.

एक गोष्ट, अनेक भाषा

गोष्टीत ताकद असेल तर ती भाषेची सीमाही ओलांडते. 2013 मध्ये जीतू जोसेफ यांनी मल्याळममध्ये ‘दृश्यम’ बनवला. केबलचा व्यवसाय करणारा, जेमतेम चौथी शिकलेला आणि सिनेमाचं वेड असलेला एक बाप, आपल्या कुटुंबावर संकट आल्यावर पोलिसांसमोर कसा उभा राहतो, त्याची ही गोष्ट. पुढे ती कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदीत आलीच, शिवाय सिंहली आणि चिनी भाषेतही पोहोचली. हिंदी ‘दृश्यम’ निशिकांत कामत यांनी गोव्यात घडवला. मोहनलाल यांच्या जागी तमिळमध्ये कमल हासन आले, हिंदीत अजय देवगण. गाव बदललं, आडनाव बदललं, जेवणाच्या ताटातले पदार्थही बदलले. पण ‘माझ्या माणसांना मी कसं वाचवू?’ हा प्रश्न तसाच राहिला. तुम्ही बेंगळुरूत राहत असाल किंवा हैदराबादमध्ये, तुमच्या शेजाऱ्यांनी कदाचित हीच गोष्ट त्यांच्या भाषेत पाहिली असेल.

तुमची गोष्ट दमदार आहे का?

तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना काही लिहायचं, बनवायचं असेल, तर आधी या गोष्टी तपासून पाहा.

• एका वाक्यात सांगा: कुणाला काय हवं आहे आणि ते मिळण्यात अडचण काय आहे? हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर अजून थोडा विचार करा.

• गमावण्यासारखं काय आहे? परशाची दृष्टी जाणार आहे, म्हणून आपला जीव तुटतो. काहीच पणाला लागलेलं नसेल, तर प्रेक्षक तरी का थांबेल?

• ओळखीचं जग निवडा: तुमची चाळ, सोसायटी, रोजची लोकल, आजोळचं घर यांतले बारकावे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

• अनावश्यक ते काढून टाका: एखादा प्रसंग कितीही छान जमला असला, तरी गोष्ट पुढे नेत नसेल तर त्याचा मोह सोडा.

याचा अर्थ कॅमेरा, संगीत, एडिटिंग यांना महत्त्व नाही, असं मुळीच नाही. चांगलं तंत्र गोष्टीला खुलवतं. मात्र मुळात गोष्टच नसेल, तर ते खुलवणार तरी काय?

म्हणूनच रेकॉर्डिंगचं बटण दाबण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्या. फोन बाजूला ठेवा आणि तुमची गोष्ट घरातल्या कुणाला तरी तोंडी सांगा. आजीला सांगा, धाकट्या भावाला सांगा. सांगता सांगता मध्येच थांबा. समोरून ‘मग पुढे काय झालं?’ असा प्रश्न आला, तर बिनधास्त कामाला लागा!