हाताखालचा भूगोल

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवरील ठिकाणे जोडणारी नकाशावरील रेषा, ही व्याख्या पाठ असूनही अनेक विद्यार्थ्यांना ती संकल्पना उमगत नाही, कारण सपाट कागदावरील वळणदार रेषांतून डोंगराचा चढउतार डोळ्यांपुढे उभा करण्याचे अवघड काम त्यांनाच करावे लागते. ही अडचण हातांच्या मदतीने दूर करणारी वाळूपेटी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी विकसित केली असून तिच्यात ‘संवर्धित वास्तव’, म्हणजे खऱ्या वस्तूवर संगणकनिर्मित चित्राची जोड देण्याचे तंत्र, वापरलेले आहे.

पेटीच्या वर बसवलेला किनेक्ट हा मूळचा व्हिडिओ गेमसाठीचा, अंतर मोजणारा कॅमेरा सेकंदाला 30 वेळा वाळूच्या पृष्ठभागाची नोंद घेतो. संगणक त्यावरून उंची ठरवतो आणि प्रोजेक्टर उंचीनुसार रंग व समोच्च रेषा थेट वाळूवर उमटवतो. मुलाने उंचवट्याची एक बाजू दाबून उभी केली की तेथील रेषा एकमेकींजवळ सरकतात, आणि तीव्र उतार व दाट रेषा यांचा संबंध त्याला आपल्याच कृतीतून कळतो. वाळूपासून काही अंतरावर बोटे पसरून हात धरला की त्याखाली आभासी पाऊस पडतो आणि पाणी द्रवाच्या प्रवाहाच्या समीकरणांनुसार दऱ्यांतून वाहते.

या रचनेतील खरे कौशल्य मात्र एका न दिसणाऱ्या निर्णयात आहे. कॅमेऱ्याला वाळूबरोबर तिच्यावर फिरणारे हातही दिसत असल्याने प्रत्येक नोंद जशीच्या तशी स्वीकारली, तर हातालाही डोंगराचे रंग चढतील. म्हणून 30 नोंदींचा एकत्रित विचार करून स्थिर राहिलेला पृष्ठभागच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे चित्र बदलण्यास सुमारे एक सेकंद विलंब होतो, पण कृती आणि परिणाम यांची सांगड तुटत नाही, आणि शिकण्यासाठी हीच सांगड सर्वांत मोलाची असते.

तरीही केवळ रंग पाहून हरखून जाणे म्हणजे शिकणे नव्हे. पाऊस पाडण्यापूर्वी पाणी कोठे साचेल आणि कोणत्या खिंडीतून बाहेर पडेल, याचा अंदाज शिक्षकांनी मुलांकडून आधी वदवून घ्यावा. अंदाज चुकला तर उत्तर न सांगता वाळूचा आकार पुन्हा तपासायला लावावे, कारण स्वतःचा तर्क स्वतःच पारखून पाहण्याची संधी हे अशा साधनाचे सर्वांत मोठे देणे आहे.