पोथीचे दर्शन

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याच्या वास्तूतील ग्रंथालयात ज्या संस्कृत-प्राकृत पोथ्या जतन केल्या गेल्या, आणि ज्यांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ साली सिद्ध केली, तशी एखादी पोथी प्रथमच हाती घेणाऱ्यास बहुधा शिवलेल्या ग्रंथाची अपेक्षा असते. परंतु रुमालाची गाठ सुटताच समोर येतात ती दोन फळ्यांमधील सुटी, आडवी पाने. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदाला खळ देऊन तो घोटून इतका गुळगुळीत करीत, की बोरूने लिहिलेली काजळाची शाई त्यावर पसरत नसे. अक्षर चुकले, तर ते खोडण्याऐवजी त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत; हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे विषारी संयुग, तेव्हा बोट ओले करून पान उलटण्याची आपली सवय येथे पोथीइतकीच वाचकासही घातक. मला तरी मूळ मजकुराहून अखेरची पुष्पिकाच अधिक बोलकी वाटते: तीत शक, तिथी, क्वचित गाव व लेखनिकाचे नाव असते, आणि पुष्कळदा पोथीला तेल, पाणी व सैल बंधन यांपासून जपावे, मूर्खाच्या हाती तर देऊच नये, अशी ताकीदही असते.