चित्रफलकावरील पाणी

पाण्याला स्वतःचा आकार नाहीं आणि ओंजळींत घेतलें तर रंगही नाहीं. मग तें चित्रांत आणावें कसें? विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत अशी कसोटी सांगितली आहे कीं, वाऱ्याच्या गतीनें हालणाऱ्या लाटा, ज्वाला, धूर आणि पताका ज्यास रेखाटतां येतात तोच खरा चित्र जाणणारा. सांप्रत अनेक सुशिक्षित घरांतून वाळू, कागद, कापड असे नाना जिन्नस फलकावर चिकटवून उठावाचीं चित्रें करण्याचा छंद जडलेला आढळतो. छंद स्तुत्य आहे. परंतु अशा चित्रांत पाणी म्हणून जें दिसतें तें बहुधा बाटलींतील निळा रंग असतो, पाणी नव्हे.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वाचकांनीं घटकाभर बसून कृष्णा पाहावी. श्रावणांत तिचें पाणी गढूळ, तांबूस मातीच्या रंगाचें असतें. पुढें थंडींत तें निवळून हिरवट होतें. पायांशीं पाहावें तर तळचे काळे दगड दिसतात, कारण दृष्टि सरळ खालीं जाते. दूरवर दृष्टि तिरपी पडते व पृष्ठभाग आरशासारखा होऊन आकाश दाखवितो. पात्र जेथें अरुंद तेथें प्रवाहाच्या रेषा दाटीनें एकत्र येतात, रुंद होतांच पांगतात, आणि खडकाच्या मागें पाणी उलटें वळून भोवरा धरतें. जवळच्या लाटा मोठ्या, दूरच्या बारीक व आडव्या. हें ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें कितीही महाग रंग आणले तरी आम्हांस त्याच्या चित्राविषयीं शंकाच वाटेल.

आतां कृति. चौकटीवर ताणलेलें कापड लवतें, म्हणून त्यावरील जाड लेप वाळल्यावर तडकतो. यास्तव बारा इंच रुंद व सोळा इंच लांब अशी प्लायवुडची फळी घेऊन तिजवर कापड चिकटवावें. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदांत खडूची पूड कालवून श्रीखंडाइतका दाट लेप करावा. एक जाड थर देण्यापेक्षां दोन पातळ द्यावे. जाड थराचा वरचा भाग आधीं वाळून आकसतो, आंतला ओला राहतो, आणि भेगा पडतात. लेप ओला असतांना दांते कापलेल्या पुठ्ठ्यानें प्रवाहाच्या रेषा ओढाव्या. पतंगाचा कागद चुरगाळून चिकटविला कीं बारीक लहरी उठतात. फेंसाला जखमेवर बांधण्याचें जाळीदार कापड चांगलें. कांठाला वाळू. ती समुद्रावरील असल्यास गोड्या पाण्यानें अनेकदां धुवावी, नाहीं तर तींतील मीठ पावसाळ्यांत ओल ओढून घेतें. (अशी मिश्र भूमि आम्हांस नवी नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं मातींत भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतु मिसळून खडकावर गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मगच रंग लावला.)

लेप पुरता वाळूं द्यावा. पावसाळ्यांत दोन दिवसही लागतात. नंतर ॲक्रिलिक रंग पाण्यानें पातळ करून हिरवट-तपकिरी हात द्यावा व लगेच ओलसर फडक्यानें उंचवटे पुसावे. खळग्यांत रंग राहतो, शिखरें उजळतात. प्रत्येक हात वाळवून असें तीन-चार वेळां केलें कीं पाण्याला खोली येते. निळा रंग वरच्या तृतीयांशांत, जेथें आकाश उतरतें, तेवढाच. पांढरा जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें मोजक्या शिखरांवर द्यावा. सर्वत्र पांढरें फांसल्यास कापूस पिंजल्यासारखें दिसतें.

अलीकडे वरून इपॉक्सी राळ ओतण्याची टूम निघाली आहे. चकाकी कांचेसारखी येते खरी. परंतु घट्ट होण्यापूर्वीं ती त्वचेस लागल्यास पुरळ उठूं शकतें, आणि तिचें वावडें एकदां जडलें कीं सहसा सुटत नाहीं. ती वापरावयाचीच तर हातमोजे घालून, दारें-खिडक्या उघडून, मुलांस दूर ठेवून वापरावी. आम्हांस साधें चकचकीत व्हार्निशच बरें वाटतें, आणि तेंही केवळ पाण्यावर. दगड व वाळू कोरडीं ठेवावीं. शेजारीं कोरडेपणा असला म्हणजेच पाणी ओलें दिसतें.

चित्र टांगतांना उजेड समोरून न येतां बाजूनें येईल अशी भिंत पाहावी. उठावांच्या सावल्या पडून लहरी सकाळीं एक आणि सायंकाळीं दुसऱ्याच दिसतात.