हिवताप आणि वनौषधी

थंडी वाजून येणाऱ्या तापावर सातविणीच्या सालीचा, गुळवेलीचा वा काडेचिराइताचा काढा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हे ज्ञान उपेक्षणीय नाही. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन वेगळे करण्यात आले. चौथ्या शतकातील चिनी ग्रंथात एक वनस्पती न उकळता, पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले होते. त्यावरून यूयू तू व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन मिळविले. २०१५ मध्ये यूयू तू यांना नोबेल पारितोषिक लाभले.

मात्र घरगुती काढ्यात औषधी द्रव्याचे प्रमाण निश्चित नसते. ताप उतरला तरी रक्तात परजीवी शिल्लक राहू शकतात आणि फॅल्सिपेरम प्रकारात विलंब प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ताप येताच प्रथम रक्ततपासणी करावी व औषधांचा क्रम पूर्ण करावा, ही नम्र विनंती.