धान्य वाढले, भूक का उरली?

१९५०-५१ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकले. २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टन. या काळात लोकसंख्या चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक. तरीही आपल्याच अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात १९९३ साली कुपोषणाने बालके दगावली. धान्य असणे वेगळे आणि ते घेण्याची ऐपत असणे वेगळे.

मोर्शी भागात संत्रा व कापूस ही नगदी पिके. त्यांचा पैसा बागाईतदाराकडे जातो; शेतमजुराची चूल मात्र रोजीवर पेटते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र तगला तो दुष्काळी कामांच्या मजुरीवर. त्याच अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते, की दोष केवळ तुकड्याच्या आकाराचा नाही. शेतीला भांडवल हवे आणि जास्तीच्या हातांना उद्योगात काम हवे. म्हणून विहिरी, बांधबंदिस्ती आणि गावाजवळ संत्र्यावर प्रक्रिया करणारे उद्योग वाढले, तरच शेती भूक हटवील.

तोवर काम मागणाऱ्या मजुराचा अर्ज लिहून देणे, एवढे तरी आपण शिकलेल्यांनी करावे.